मधला स्पीकर

"पाचही स्पीकर वाजले. एकदम स्वच्छ," मुलगा म्हणाला आणि दुरुस्तीवाल्याकडे बघत त्याने आपल्या कानावर दोनदा बोट आपटलं. "बिघाड इथे आहे. बाबांच्या कानात."

"चार वाजले," सोफ्याच्या कडेला बसलेले बाबा म्हणाले. "मधला वाजला नाही."

दुरुस्तीवाल्याने तपासणीचा आवाज लावला होता. पाऊस पडल्यासारखी सरसर आधी टीव्हीच्या डाव्या स्पीकरमधून, मग टीव्हीखालच्या मधल्यातून, मग उजव्यातून आणि शेवटी पाठीमागच्या दोन्हींतून यायला हवी होती. तो रिमोट हातात धरून पडद्याकडे बघत होता. मुलाला मात्र त्याचं बोलणंच हवं होतं. धंद्यातल्या माणसाने बाबांसमोर एकदा सांगून टाकावं की सगळं ठीक आहे, एवढ्यासाठीच तर त्याला बोलावलं होतं.

ही सगळी जोडणी मुलाने स्वतः केली होती. मेकॅनिक लोकांना अक्कल नसते, असं म्हणत मांडीवर पुस्तक उघडून सगळा रविवार घालवला होता. तेव्हापासून आठ महिने या खोलीत गाड्या आदळत होत्या, दारं धडाधड लागत होती, पण माणसांचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं यायचं. तक्रार एकट्या बाबांची. मुलाला, सुनेला सगळं कळत होतं. तेव्हा ऐकू येत नाही ते बाबांनाच, असं दोन विरुद्ध एक मतांनी ठरलं. मग नजरेच्या अंदाजाने चपला आणाव्यात तसं मुलाने उजव्या कानाचं मशीन आणलं. तपासणी नाही, काही नाही. आज संध्याकाळी पाच वाजता डाव्या कानासाठी त्याच मशीनच्या दुकानात वेळ घेतली होती.

बाबांची चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तारेच्या खरखरीवरून कुठल्या पेटीत पाणी शिरलंय ते सांगणारा हा माणूस. मशीनमधला सेल त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून शर्टाच्या खिशात टाकला होता. घरात कटकट नको म्हणून रिकामं मशीन तेवढं कानात असायचं. पण डाव्या कानातही ते गेलं की या घरात आपल्या शब्दाला काडीची किंमत उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बा-बा," सून ओरडून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "च-हा घे-णार?"

"नको," बाबा म्हणाले.

"बघा," मुलगा दुरुस्तीवाल्याला म्हणाला. "ओरडून ओरडून घसा बसतो आमचा. तुम्ही बोला बिनधास्त, त्यांना काही ऐकू जात नाही."

दुरुस्तीवाल्याने बाबांकडे एकदा पाहिलं. टीव्हीवर पाच स्पीकरांची चित्रं होती, आणि ज्याची पाळी असेल ते उजळत होतं. "पुन्हा लावतो," तो म्हणाला. "या वेळी डोळे मिटा, साहेब. आवाज आला की हात वर करा."

मुलगा हसला, पण त्याने डोळे मिटले. डावा वाजला, हात वर झाला. मग खोलीत चिडीचूप शांतता पसरली. त्या शांततेत, बरोबर ठेक्यावर, मुलाचा हात ऐटीत वर गेला.

"आला," तो म्हणाला.

बाबांनी मान फिरवली. पोटच्या पोराची लाज वाटावी, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

दुरुस्तीवाला टीव्हीमागे वाकला. मधल्या स्पीकरची वायर ओढून बाहेर काढली आणि टोक सगळ्यांसमोर धरलं. वरचं लाल प्लास्टिक जसंच्या तसं होतं. त्यावर स्क्रूचे दात उमटले होते, इतकंच.

"साल सोललीच नाही, साहेब. तशीच आवळली. तांबं टेकलंच नाही तर वाजणार कसं? सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं याच्यातूनच येतं."

"मग आम्हाला कसं कळत होतं?" सुनेने विचारलं. या वेळी तिचा आवाज साधा होता.

दुरुस्तीवाल्याने सिनेमा लावला. पडद्यावर माणसं ओठ हलवत होती आणि त्यांच्या पायाशी पांढरी अक्षरं सरकत होती. त्याने त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"वाचत होता तुम्ही."

बाबांना ती अक्षरं लागत नव्हती. ती झरझर जायची आणि चष्मा जुना होता. म्हणून खोलीत ऐकायचा प्रयत्न करणारे ते एकटेच उरले होते. आणि ही दोन धडधाकट माणसं आठ महिने वाचत बसली होती, वर त्यांना बहिरं म्हणत होती.

दुरुस्तीवाल्याने टोक सोललं, स्क्रू आवळला, अक्षरं बंद केली. पडद्यावरची बाई कुणाला तरी हळूच म्हणाली, "दार लोटून घे. गार वारा येतोय." तिचा श्वाससुद्धा ऐकू आला.

मग मुलाने घसा खाकरला.

"वायर नंतर सरकली असणार," तो म्हणाला. "आणि वयाने कान थोडे जातातच. दोन्ही कारणं असतात, बाबा. जाऊ दे, तुमचं समाधान झालं ना?"

बाबा उठले. त्यांनी कानातलं मशीन काढलं, खिशातून सेल काढला आणि दोन्ही मुलाच्या तळहातावर ठेवलं.

"सेल कोराच आहे," ते म्हणाले. "पाचची वेळ रद्द करू नकोस. तू जाऊन ये."