गोष्टीतला तांडेल

“बायकोला नांगर कोण म्हणतं, बाई?” सलीमाने विचारलं आणि अकरावीचा वर्ग हसला.

कावेरीबाईंनी एका मासिकातली, काशिनाथ नावाच्या लेखकाची गोष्ट मुलींना वाचायला दिली होती. त्यातल्या तांडेलाचा, गलबताच्या प्रमुखाचा, स्वभाव कसा बदलत जातो आणि त्याची भाषा कशी बदलते, ते लिहून आणायचं होतं. सलीमाने नेमकं लिहिलं होतं. सुरुवातीला तांडेल बढाया मारतो. मग त्याचं बोलणं कमी होतं. शेवटी गलबत हाकारताना तो बायकोला एवढंच म्हणतो, “येतंय गो, नांगरा.” गोष्ट तिथेच संपते.

बाईंनी मासिक हातात घेतलं. तो शब्द त्यांनी वर्गात येण्याआधी वाचलाच नव्हता. शेवटचं पान घाईत राहून गेलं होतं.

त्यांचा नवरा गुरुदास त्यांना नांगर म्हणायचा. घरात, दोघंच असताना. एक्कावन्न सालच्या वादळात त्याचं गलबत गेलं. फळ्या मिळाल्या, तो मिळाला नाही. बाईंनी कुंकू पुसलं नाही. शिकल्या, शाळेत लागल्या, वाट बघत राहिल्या.

आता बारा वर्षं भरत होती. सासऱ्यांनी भटजींना दिवस विचारला होता. गुरुदास गेला असं मानून त्याच्या जागी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, मग कुंकू पुसायचं.

“बाबानू, आठ दिस थांबा,” कावेरी त्यांच्या पायाशी बसली. “ते जिते आसत.”

“कोणी सांगल्यान तुका?”

“त्येंनी गोष्ट लिवल्यानी. काशिनाथ नाव घेतल्यानी.”

म्हाताऱ्याने मान हलवली. “तेका सही करूक येय नाय, आणि तो गोष्ट लिवतलो?”

“बारा वरसांत माणूस शिकता, बाबानू. मी शिकलंय मां?”

त्यांचे डोळे भरून आले. “आठ दिस,” ते म्हणाले. “नववो दिस मागू नको गो.”

मासिकाच्या संपादकांना तिने उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड टाकलं. सात दिवस पोस्टमनच्या वाटेवर उभी राहिली. सातव्या दिवशी उत्तर आलं. काशिनाथ, बाजारपेठ, खारेपाटण.

आठव्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने ती निघाली. कणकवलीला गाडी बदलली. वाटेत काय बोलायचं ते शंभरदा ठरवलं. का गेलात, असं विचारायचं नाही. घरी चला, एवढंच म्हणायचं.

दार एका बाईने उघडलं. तिच्याच वयाची.

“काशिनाथ इथेच राहतात?”

ती बाई लाजली. “मीच ती. बाईमाणसाने लिहिलेलं घरच्यांना चालत नाही, म्हणून वडलांचं नाव घालते. या, बसा.”

कावेरी उंबऱ्यावरच बसली. एवढ्या लांब ती एका परक्या बाईच्या दारात येऊन पडली होती, आणि घरी उद्याची तयारी चालली असेल.

बाईने पाणी आणून दिलं. तिचा चेहरा बघून घाबरली. “गोष्ट आवडली नाही का तुम्हाला?”

“तो तांडेल,” कावेरी म्हणाली. “कुठे ऐकलात तुम्ही त्याला?”

“ऐकायला कुठे जायचं? माझेच यजमान ते. वादळात गेले, बारा वर्षं झाली,” म्हणत तिने आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं.

हार घातलेल्या फोटोत मुंडावळ्या बांधलेला गुरुदास त्या बाईच्या शेजारी बसून हसत होता.