तळघरातलं इटालियन

जमुनाबाईनं नवऱ्याला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं आणि चार पावलं मागं जाऊन पाहिलं. नवरा नीट दिसत नव्हता.

"हेच हॉटेल," ती म्हणाली.

राजापेठेत इटालियन म्हणवणारी तीन हॉटेलं. पैकी रस्त्यावरच्याला समोरून अख्खी काच, म्हणजे ऊन थेट पिझ्झ्यावर. दुसरं गच्चीवर, तिथले दिवे असे, की गालावरचा तीळही लपू नये. राहिलं हे तळघरातलं. इथं टेबलावर एकच मेणबत्ती, तीही लाल काचेत. चव कुठली बरी, हे जमुनाबाईनं तिन्ही ठिकाणी विचारलं नाही.

"अवं, पोरगी सावळी हाय हे फोटोत दिसलंच असंन त्यायले," गोवर्धनराव म्हणाले.

"फोटो धाकटीनं काढला. तिच्या मोबाईलमंदी म्हैस बी गोरी येते."

घरी पाहायला आलेले पाहुणे खिडकीपाशी बसत, पोहे संपवत, 'पोरगी गुणाची हाय' म्हणत आणि गावी जाऊन गप्प होत. जमुनाबाईचा राग आता त्या खिडकीवर होता. म्हणून अकोल्याच्या मैनाबाईंचा फोन आला, "आमच्या कुंदनले इटालियन लय आवडते, बाहेरच पाहू पोरगी," तेव्हा तिला देवच पावला.

तिनं तळघराचं नाव सुचवलं. "थोडा अंधार रायते तिथं," असंही सांगून ठेवलं, उगाच नंतर बोल नको.

"चालते, चालते," मैनाबाई म्हणाल्या.

पोराची आई इतक्या लवकर 'चालते' म्हणत नसते. पण गरजवंताला असलं काही तेव्हा सुचत नाही.

रविवारी जिना उतरताना दामिनी थबकली. "आई, इथं तं मले माह्या चपला दिसून नाई राहिल्या."

"चपला काय पाहून राहिली? मुकाट जाऊन बस."

"मी बी त्याले पाहाले आली ना? मंग तो मले दिसन कसा?"

जमुनाबाईनं तिला पुढं ढकललं.

पाहुणे आधीच येऊन बसले होते. कुंदन भिंतीकडच्या खुर्चीत, डोक्यावर क्रिकेटवाल्यांची टोपी.

"एसी सोसत नाई त्याले," कोणी विचारायच्या आत मैनाबाई म्हणाल्या.

एसी बंद असल्याची चिठ्ठी समोरच्याच भिंतीवर लावलेली होती. त्या उजेडात ती कोणाला वाचता येत नव्हती. घाम मात्र सगळ्यांना येत होता.

मेनूकार्डं आली. गोवर्धनरावांनी आपलं जवळ धरलं, लांब धरलं, मग खाली ठेवलं. "बाप्पा, याच्यात काय लिवलं हाय?"

"काहीबी मागवा," मैनाबाई म्हणाल्या.

"हो, काहीबी," जमुनाबाई म्हणाली. दोघींचं पहिल्या भेटीतच असं जमलं.

"काय खाऊन राहिलो ते तं दिसलं पायजे," दामिनी म्हणाली.

तिनं मोबाईलचा टॉर्च लावला, मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर पाण्याची बाटली उभी केली. वीज गेली की घरी ती हाच दिवा करते.

बाटलीभर पाणी उजळलं. उजेड पार छतापर्यंत गेला. गोवर्धनरावांच्या शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण दिसलं. मैनाबाईंचा टोपीकडं निघालेला हात दिसला. आणि दामिनी दिसली. सावळी, कपाळावर घाम, पावडर ओघळलेली.

जमुनाबाईनं बाटलीला हात घातला. "मले तहान लागली."

"थांब आई."

दामिनी कुंदनकडं पाहत होती. सरळ, मान वर करून. कुंदनही तिच्याकडं पाहत होता. त्याच्या कानामागून घामाची धार निघाली, मानेवरून कॉलरमध्ये गेली. मग त्यानं टोपी काढली आणि बाटलीशेजारी ठेवली. त्याचं कपाळ भुवयांपासून निघून थेट मागच्या मानेपर्यंत गेलेलं होतं.

"कुंदन!" मैनाबाई म्हणाल्या.

"गरम होऊन राहिलं, आई." त्यानं मेनूकार्ड उजेडात सरकवलं, दामिनीच्या बाजूला. "आता वाचता येते. तुमी काय घेता?"

दोन्ही आयांनी एकदमच आपापली मेनूकार्डं तोंडापुढं धरली.