निळा पट्टा

"केशरी मांजर म्हणजे बोकाच," असं ठणकावून सांगत धाकटीने दोन महिन्यांच्या पिल्लाला निळा पट्टा बांधला आणि नाव ठेवलं पैलवान. पिल्लू नर की मादी हे ओळखायला गल्लीतले सगळे तिलाच बोलवायचे. "त्याची नसबंदी करून घेऊया का?" आईने विचारलं होतं. "बोक्याला कुठे पिल्लं होतात? तू पण ना, आई." आज वर्षाचाही न झालेला पैलवान दवाखान्यातल्या टेबलावर थंडगार पडला होता. "ही मादी होती, बाळा. फार लहान होती, दुसरं पिल्लू अडकलं," डॉक्टर म्हणाल्या. धाकटीने निळा पट्टा सोडवला. त्याला केशरी केस चिकटले होते. वाचलेलं एकुलतं पिल्लू डॉक्टरांनी टॉवेलसकट तिच्या ओंजळीत ठेवलं. तेही केशरीच. "बोका की मांजरी गं?" आईने सवयीने विचारलं. धाकटीने पट्टा मुठीत आवळला. "मला नाही कळत, आई. नसबंदीची तारीख विचारून ठेव."