आठवी सही

“मॅडम, मैदान काय फक्त मुलांच्या नावावर केलंय?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून एका मुलीने भर वॉर्डसभेत नगरसेविकेला हा प्रश्न ठोकून दिला. नगरसेविका रागावल्या नाहीत. उलट त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “मुलींना संध्याकाळचा एक तास देते की! पण आपल्या वॉर्डात बोलायच्या भाषा छप्पन्न असल्या, तरी भांडायची सगळ्यांना एकच येते. मैदानाला लागून असलेल्या आठही घरांच्या सह्या आण, मग शिक्का माझा.”

कागदावर अर्ज लिहून स्वारी निघाली. शिंपीदादांनी अर्ज तीनदा वाचून सही केली. बेकरीवाल्या काकूंच्या सहीसोबत कागदाला पीठही लागलं. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला तिची भाषा कळेना, तेव्हा तिने त्यांच्या दारातच चेंडू उडवून दाखवला. त्यांच्या आजींनी तो झकास परत टोलवला आणि पेन मागितलं. कुंड्यांवर जीव टाकणारे पेन्शनर आजोबा मात्र अर्धा तास घासाघीस करून मगच वळले. दिवेलागणीपर्यंत सात सह्या झाल्या.

आठवं घर तिचंच होतं.

तिचं बोलणं ऐकून आईने गुपचूप पेन आणून ठेवलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. “मुलींनी मैदानात धावायचं? अगं, लोक काय म्हणतील?”



तिने कागद बाबांच्या हातात दिला. “विचारून आले, बाबा. लोक हो म्हणाले. आता फक्त तुमची सही. उद्या सहाला मी खेळायला जाणार.”