नाव नसलेली माणसं

तिसऱ्यांदा सर्व्हर चालू केला आणि पडद्यावरच्या यादीत माणसं पुन्हा वाढली.

"काका, ह्या मशीनला झालंय काय?" मंडळानं मदतीला दिलेली शेफाली म्हणाली. "हिर्डोशीकडं वाड्या ओस पडत चालल्या आणि इथं माणसं वाढतायत."

गोरख हसला नाही. भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये त्याची नोकरी सरली होती. रिटायर झाल्यावर हे एकच काम त्यानं मागून घेतलं, कारण आत भरलेली माहिती साळूबाईची होती. साळूबाई म्हणजे त्याची बायको. दिवाळीच्या आधी गेली.

मार्गासनीच्या बियाणे मंडळासाठी ती गावोगाव फिरून जुनी बियाणी गोळा करायची. रायभोग, आंबेमोहोर, काळी नाचणी. शाळा बेताची, पण मोबाईलवर भराभर लिहायची. बी कुठलं, कुणाच्या घरचं, आणायला सोबत कोण होतं, आणि खाली शेरा. मंडळाला आता ही सगळी माहिती एकमेकांत जोडलेली हवी होती. बियाण्याला हात लावला की त्याचं घर दिसावं, घराला लावला की तिथली माणसं, माणसाला लावला की त्यानं आणखी काय काय दिलं. साध्या तक्त्यांत ते जमत नव्हतं. म्हणून हा नवा सर्व्हर. संध्याकाळी मंडळाच्या बायका बघायला येणार होत्या.

गोरखला ह्या सर्व्हरकडून आणखी एक गोष्ट हवी होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सकाळी, शेफाली किकवीहून गाडीवर यायच्या आधी, त्यानं शोधायच्या चौकटीत स्वतःचं नाव घातलं होतं. एकही नोंद आली नाही. आडनाव घालून पाहिलं. तरी नाही.

जिथं एसटी जात नाही तिथंही त्यानंच तिला नेलं होतं. गाडीवर पुढं पोतं, मागं साळू, आणि तिची बडबड सारखी पाठीवर. आठवडाभर लॅबमध्ये पोरांच्या चुका निस्तरायच्या आणि रविवारी तिच्या बियाण्यांमागं हिंडायचं. तो कुरकुरायचा. ती म्हणायची, घरी बसून तरी काय दिवे लावणार होता. तिनं दोन तालुक्यांतल्या माणसांची नावं लिहिली. वाटेत तांब्याभर पाणी देणाऱ्या म्हातारीचंही लिहिलं. त्याचं तेवढं नाही.

"सापडलं," शेफाली म्हणाली. "चालू होताना मशीन दर वेळी तीच फाईल वाचतंय. नाव असलेला माणूस आला की म्हणतंय, हा तर आपल्याकडं आहे. पण काही ठिकाणी माणूस आहे आणि नावाची जागा रिकामी. त्यांना ते ओळखतच नाही. दर वेळी नवीन कुणीतरी आलं असं धरून चालतंय."

"अशी लई हायत?"

"जवळजवळ प्रत्येक नोंदीत एक. काकूंकडून नाव टाकायचं राहून गेलं असणार. काढून टाकते सगळी. बाकीच्या माहितीला धक्का लागत नाही."

गोरखला ते पटलं. त्यानंही तेच केलं असतं. पण साळूचं काही राहून जायचं नाही. कुलूप नीट लागलंय का हे बघायला अर्ध्या वाटेतून तो परत फिरायचा, ती नाही.

"काढायच्या आधी एकदा वाच," तो म्हणाला. "त्यांच्यासंगं काय काय जोडलंय?"

शेफाली वाचू लागली. "रायभोग. ठकुबाईच्या घरचं. सोबत, रिकामं. शेरा, चढाला गाडी बंद पडली, ढकलत आणली, पण बी भिजू दिलं नाही." ती पुढं सरकली. "काळी नाचणी. सोबत, रिकामं. शेरा, भाकरी आवडली, दोन खाल्ल्या. औंदा जास्त पेरायची."

"अजून."

"आंबेमोहोर. सोबत, रिकामं. शेरा, खोकला आहे तरी आले. आता परत आणणार नाही." शेफालीला हसू आलं. "आणि पुढच्याच नोंदीत बघा, परत आणलंय."

गोरखनं चष्मा काढला. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की साळू शेजारणीकडं बघायची, आणि शेजारीण सांगायची. दवाखान्यात शेवटच्या खेपेला नर्सनं विचारलं, तेव्हाही ती उशीवरून नुसती त्याच्याकडं बघत राहिली. त्यालाच सांगावं लागलं होतं.

"काढू नको," तो म्हणाला. "ह्यो सगळा मिळून एकच माणूस हाय."

शेफालीनं त्याच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. रिकाम्या जागांना तिनं सगळीकडं एकच नंबर दिला आणि सर्व्हर बंद करून परत चालू केला. माणसं होती तेवढीच राहिली.

"आता नाव टाकू का, काका?" तिनं हळूच विचारलं. "संध्याकाळी बायका विचारतील. गोरख लिहिते."

"नको. 'अहो' लिव्ह."

"अहो?"

"लगीन झाल्यापास्नं मी ह्याच नावाला ओ देतोय."