आणखी कुणाची विनंती?

“प्रार्थनेला काय बसचं तिकीट लागतं? इथून केली तरी पोहोचते,” सासरे म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर खुश होऊन हसले.

सून दारात उभी होती. खांद्याला पिशवी, पायात चपला. सकाळीच भावाचा फोन आला होता. आईचं काही खरं नाही, डॉक्टरांनी हात टेकलेत, सारखं तुझं नाव घेतेय, आजच्या आज ये. माहेर काही सातासमुद्रापार नव्हतं. आत्ता निघाली असती तर दुपारी पोचली असती.

“पपा, मी उद्या लगेच परत येते,” ती म्हणाली.

“अगं, जा ना! तुला कोण अडवतंय?” सासऱ्यांचा आवाज कधी चढत नसे. तीच तर पंचाईत होती. “उद्या जा, परवा जा. पण आज चर्चचे नवे पाळकसाहेब पहिल्यांदा आपल्या घरी प्रार्थनेला येणार. घरभर माणसं असणार. चहापाणी कोण बघणार, मी? देवाच्या कामात आपलं सुखदुःख मधे आणायचं नसतं, बेटा.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खुर्च्या पुसत होता. म्हणजे एकच खुर्ची कधीची पुसत होता. वडिलांपुढे त्याची जीभ आजवर उचलली नव्हती, ती आज काय उचलणार? तिने चपला काढल्या.

सासरे म्हणजे साधी असामी नव्हे. चर्चमध्ये त्यांना ‘प्रार्थनावीर’ म्हणत, आणि उगाच नाही. ते डोळे मिटून बोलू लागले की दगडालाही पाझर फुटावा. लोक लांबून लांबून आपली दुखणी घेऊन त्यांच्याकडे यायचे. कुणाचा मुलगा नापास झालाय, कुणाचं पोट दुखतंय, त्यांना सगळं तोंडपाठ. घरातली सून तापाने फणफणली होती तेव्हा मात्र त्यांनी एवढंच विचारलं होतं, की संध्याकाळच्या स्वयंपाकाचं काय? अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं हिने केलं, अगदी शेवटपर्यंत. अंत्यविधीला साक्ष दिली सासऱ्यांनी. म्हणे, प्रभूने मला तिची सेवा करायचं बळ दिलं. वा रे वा!

तिची आई अगदी उलट. चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की तिची बोबडी वळायची. पण रोज उठून कचाकचा भांडणाऱ्या शेजारणीचा पाय मोडला, तेव्हा पाय बरा होईपर्यंत तिचं जेवण आईच नेऊन देत होती. वर तिच्या शिव्याही खात होती. “अगं, दुखतंय तिला, ती ओरडणारच,” म्हणायची. त्या घरात वाढलेल्या पोरीला वाटलं होतं, ख्रिस्ती घरं सगळी अशीच असतात.

संध्याकाळी घर भरलं. गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं. सासरे प्रीतीवर बोलले, आणि छानच बोलले. स्वयंपाकघरात सुनेने मोठ्या पातेल्यात चहा टाकला, तेवढ्यात फ्रीजवर ठेवलेला फोन थरथरला.

भाऊ आधी नुसता रडला. मग म्हणाला, “शेवटपर्यंत दाराकडे बघत होती गं.”

चहा उतू जायला आला. तिने गॅस बंद केला, चहा गाळला, ट्रेमध्ये कप मांडले. हात आपले आपण चालत होते. आता पिशवी उचलून धावत सुटलं तरी कुणाला भेटायचं? सगळं संपलं होतं.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा विनंत्या चालल्या होत्या. पाळकसाहेब एकेकाला विचारत होते, कशासाठी प्रार्थना करू? कुणाला नोकरी हवी होती, कुणाचे गुडघे धरले होते. सुनेला हे आजवर कधी कुणी विचारलं नव्हतं. विनंत्यांच्या वेळी ती नेहमी गॅसपाशी असायची. पाळकसाहेब नवे, त्यांना काय माहीत?

“ताई, तुमची काही विनंती?”

“आहे ना!” उत्तर सासऱ्यांनीच दिलं. “हिची आई फार आजारी आहे. बिचारी सकाळपासून कासावीस झालीय. थांबा, मीच करतो प्रार्थना.”

आणि त्यांनी केली. आवाज कापरा झाला, गालांवरून आसवं ओघळली. त्या माउलीला आयुष्य दे म्हणाले, तिला अंथरुणातून उठव म्हणाले, मायलेकींची लवकर गाठ घालून दे म्हणाले. बायका डोळे टिपू लागल्या. ट्रेमधल्या चहावर साय धरली. एकट्या नवऱ्याने मधेच डोळे उघडून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

“आमेन,” सगळे म्हणाले.

“देव ऐकेल, ताई,” पाळकसाहेब म्हणाले. “आणखी काही?”

“आई गेली, पाळकसाहेब. आत्ताच फोन आला होता.” तिच्या आवाजात राग नव्हता. रागवायला अंगात बळ लागतं, तेवढंही उरलं नव्हतं. तिने ट्रे खाली ठेवला, एकही कप न हिंदकळता. “तिच्यासाठी आता काही मागू नका, ती सुटली. पपांसाठी मागा. त्यांना एकदा तरी येशू भेटू दे.”