आठवणीची गाठ

जुन्या मेनफ्रेम संगणकांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या तेजश्रीच्या छोट्या कंपनीची पहिली ऑर्डर उद्या ट्रकवर चढायची होती आणि मशीनची मेमरी सारखी शॉर्ट होत होती. तिने भिंग लावलं. तांब्याच्या तारेत ओवलेल्या चुंबकी मण्यांच्या प्रत्येक ओळीशेवटी गाठ होती आणि तिथंच तारेवरचा वीजरोधक लेप खरवडला गेला होता. “मावशी, हे काय?” कवठे गावात जन्मभर शेवंतीचे हार ओवलेल्या आणि आता इथे हे मणी ओवणाऱ्या रंगुबाई म्हणाल्या, “तुमीच म्हनला न्हवं, ही मशीनची आठवण हाय? ध्यानात ठेवायला आमी पदराला मारतो, तशी गाठ मारली.” “अहो, गाठ मारू नका म्हणून पहिल्याच दिवशी बजावलं होतं!” “न्हाई ताई. कवाच न्हाई.” चिडलेल्या तेजश्रीने गाठी कापायला कात्री काढावी म्हणून कपाटाची गळ्यातली किल्ली ओढली. किल्लीच्या नाडीला तिनेच त्या पहिल्या दिवशी आठवणीसाठी मारलेली गाठ होती, मावशींना बजावून झालं की लगेच सोडायची म्हणून. अजून तशीच होती.